रानिएरी जाईल तिथून काढला गेला, मग त्याच्याकडून शिकायचं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही पुण्यातल्या एका फुटबॉल अकादमीत काही वर्षं मुलांना शिकवता आहात. आता ईशान्येकडच्या एका क्लबाने 19 वर्षांखालच्या संघासाठी विचारलं आहे. तिथली भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. इटालियन प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी तुमचा आवडता मॅनेजर. पण मित्र म्हणतात, तो जाईल तिथून काढला गेला, इंग्लंडमध्ये लेस्टरला 2016 मध्ये मिळवून दिलेलं लीगचं विजेतेपद म्हणजे नशीब, त्याला कसला आदर्श मानायचा? आणि शेवटी विचारलंत, की जाताना सोबत आपला सहायक न्यावा का.

यशस्वी की नशीबवान, हा वाद चहाच्या टपरीवर रंगतो. त्यातून तुमच्या कामाचं फारसं काही निघत नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. परक्या गावच्या ड्रेसिंग रूममध्ये शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कशाला हात लावायचा आणि काय जसंच्या तसं राहू द्यायचं, हे कसं ओळखायचं? त्यासाठी रानिएरीइतका चांगला अभ्यास दुसऱ्या कुणाचा नाही, कारण हे त्याला जमलं तेही आपण पाहिलं आहे आणि न जमलं तेही. एकाच शहरात दोन्ही घडलेलं आहे.

मी कोल्हापुरात तालमीच्या संघांपासून सुरुवात केली, पुढे गोव्यात आणि मिझोराममध्ये कुमार आणि वरिष्ठ अशा दोन्ही गटांत काम केलं. त्यामुळे पुढचं सगळं एका प्रशिक्षकाच्या नजरेतून आहे. आणि एक गोष्ट आधीच मान्य करतो: यातलं बरंचसं मालक किती धीर धरतो, संघ तुमच्या हाती हंगामाच्या आधी येतो की मध्येच, आणि खेळाडू कोणत्या वयाचे आहेत, यावर ठरतं. ते तुमच्या हातात नसतं, पण सही करण्याआधी विचारून घेता येतं.

रानिएरी रोमचा, जन्म 1951 चा. खेळाडू म्हणून बचावपटू, सर्वाधिक काळ दक्षिणेतल्या कातान्झारो संघात. फार मोठं नाव नव्हतं. प्रशिक्षक म्हणून पहिली ठळक कामगिरी काल्यारीत. तिसऱ्या श्रेणीतला संघ त्याने लागोपाठ दोन हंगामांत 1990 पर्यंत सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वांत वरच्या श्रेणीत आणला. मग नापोली, मग फिओरेन्तिना, तिथे 1996 चा इटालियन कप. इटलीत वरच्या श्रेणीचा परवाना फ्लॉरेन्सजवळच्या कोव्हेर्चानो केंद्रात मिळतो आणि शेवटी प्रबंध लिहावा लागतो. माझ्या मते परदेशी गेलेल्या इटालियन प्रशिक्षकांची एक सवय इथूनच येते: मैदानावर जे दिसतं ते आधी कागदावर उतरवायचं, आपल्याला काय हवं ते नंतर.

आता स्पेनमधलं व्हॅलेन्सिया. 1997 च्या शरद ऋतूत, हंगाम सुरू झालेला असताना, होर्हे व्हाल्दानोच्या जागी रानिएरी तिथे गेला. संघात रोमारियोसारखी नावं होती, ती टिकली नाहीत. रानिएरीने काय केलं? संघात वेगाने धावणारी माणसं कोण आहेत ते शोधलं. क्लॉडिओ लोपेझ समोर मोकळी जागा मिळाली की कुणाला सापडायचा नाही. गाइझ्का मेंडिएटा त्याच्या हाताखाली मध्यरक्षक म्हणून बहरला. मागे घट्ट बचाव आणि चेंडू हिसकावला की थेट पुढे, अशी त्या संघाची ओळख झाली. दुसऱ्या हंगामात चौथा क्रमांक आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेचं तिकीट. जून 1999 मध्ये कोपा देल रे या स्पॅनिश कपच्या उपांत्य फेरीत घरच्या मैदानावर रेआल माद्रिदला 6-0 हरवलं आणि अंतिम सामन्यात ॲटलेटिको माद्रिदला 3-0. तो निघून गेल्यावर एक्तर कूपरने हाच गाभा घेऊन 2000 आणि 2001 अशा लागोपाठ दोन वर्षी चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली.

2004 मध्ये तो त्याच शहरात परतला. भाषा येत होती, गाव ओळखीचं होतं, लोकांचं प्रेम होतं, आणि या वेळी हंगामाआधीचा पूर्ण काळ हाताशी होता. म्हणजे सगळं पहिल्यापेक्षा सोपं. फरक एवढाच, की राफा बेनिटेझने त्याच वर्षी लीग आणि युएफा कप दोन्ही जिंकून दिलेला संघ त्याच्या हातात आला होता. रानिएरीने इटलीतून कोर्राडी, दि व्हायो, फिओरे आणि मोरेत्ती असे चार खेळाडू आणले. सुरुवात छान झाली, पोर्तोला हरवून युरोपियन सुपर कपही मिळाला. मग घसरण. चॅम्पियन्स लीगमधून गटातच बाहेर, पुढे युएफा कपमधूनही, आणि फेब्रुवारी 2005 मध्ये त्याला काढलं.

ही दोन पर्वं मी तरुण प्रशिक्षकांना शेजारीशेजारी ठेवून दाखवतो. माणूस तोच, शहर तेच, विचारही बहुतेक तेच. पहिल्यांदा विस्कळीत संघाला आकार हवा होता आणि तो त्याने दिला. दुसऱ्यांदा संघाला आकार होता. खेळाडूंना एकमेकांच्या हालचाली पाठ होत्या, कोण कधी पुढे जाणार आणि कोण मागे थांबणार हे न बोलता ठरलेलं होतं. अशा वेळी चार नवी माणसं, तीही प्रशिक्षकाच्या देशातली, आत आली की जुन्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: आमचं काय चुकलं होतं? तो प्रश्न कुणी उघड विचारत नाही. सरावात पास अर्धा सेकंद उशिरा येऊ लागतो, तेव्हा कळतं.

दोन्हींच्या मध्ये ॲटलेटिको माद्रिद आणि लंडनची चेल्सी. ॲटलेटिकोचं फार सांगत नाही. क्लबचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला होता, रानिएरीने हंगाम संपण्याआधी राजीनामा दिला आणि संघ खालच्या श्रेणीत गेला. अशा ठिकाणी प्रशिक्षकाच्या गुणदोषांचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही.

चेल्सी मात्र तुमच्या कामाचं आहे, कारण तिथे तो सप्टेंबर 2000 मध्ये गेला तेव्हा त्याचं इंग्रजी फार तोकडं होतं. इंग्लिश वृत्तपत्रांनी त्याच्या सततच्या बदलांवरून त्याला टोपणनाव दिलं, ते वर्षानुवर्षं चिकटलं. तरी त्याने चार हंगाम काढले. सहावा, पुन्हा सहावा, मग चौथा, मग दुसरा. या काळात जॉन टेरी पहिल्या संघात स्थिरावला, फ्रँक लॅम्पार्ड वेस्ट हॅमहून आला, विल्यम गॅलास मार्सेहून आला. पेत्र चेकचा करारही रानिएरी असतानाच झाला होता. 2004 च्या एप्रिलमध्ये आर्सेनलला त्यांच्याच हायबरी मैदानावर हरवून चेल्सीने चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. तिथे मोनॅकोविरुद्ध समोरचा संघ दहा जणांवर आलेला असताना त्याने सामना जिंकण्यासाठी एकामागून एक बदल केले, आपल्याच संघाची घडी मोडली आणि 3-1 ने हरला. दीड महिन्यात नोकरी गेली. पुढच्या वर्षी जोसे मोरिन्योने चेल्सीला विजेतेपद मिळवून दिलं. मोरिन्यो मोठाच आहे, पण त्याच्या त्या संघाचा कणा रानिएरीच्या काळात उभा राहिला होता.

म्हणून ‘जाईल तिथून काढला गेला’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. तो गेल्यावर व्हॅलेन्सिया दोनदा युरोपच्या अंतिम फेरीत आणि चेल्सी विजेती. प्रशिक्षकाच्या कामाची किंमत ठरवताना तो गेल्यानंतरची दोन वर्षंही पाहावीत. कुमार संघ सांभाळणाऱ्याने तर नक्कीच, कारण तुमच्या कामाचं फळ बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रशिक्षकाच्या काळात दिसणार आहे.

आता लेस्टर. इथे जरा सावकाश जाऊ.

जुलै 2015 मध्ये रानिएरी आला तेव्हा लेस्टर आदल्या हंगामात 14 व्या क्रमांकावर संपलेला संघ होता. तोही शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून कसाबसा वाचलेला. हे आधीच्या प्रशिक्षकाचं, नायजेल पिअरसनचं काम. रानिएरीच्या मागे ताजं अपयश होतं: 2014 च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या हाताखाली ग्रीस घरच्या मैदानावर फॅरो बेटांकडून हरला होता आणि चार सामन्यांतच त्याचं काम संपलं होतं. इंग्लंडमधल्या अनेकांनी ही नेमणूक चूक मानली.

त्याने पहिले काही आठवडे पाहण्यात घालवले. आदल्या हंगामाचे शेवटचे सामने पाहिले, सराव पाहिला. त्याने नंतर सांगितलं, की डावपेचांबद्दल बोलू लागल्यावर खेळाडूंच्या चेहऱ्यावर इटालियन शिस्तीची धास्ती दिसली, म्हणून तो विषय त्याने कमी केला आणि तुम्ही जसे धावत होता तसेच धावा, असं सांगितलं. पिअरसनचे सहायक क्रेग शेक्सपिअर आणि स्टीव्ह वॉल्श यांना ठेवलं. इटलीतून मोजकी माणसं आणली: सहायक पाओलो बेनेत्ती आणि शारीरिक तयारीचा आंद्रेआ अझ्झालिन.

आठवड्याचं वेळापत्रक बघा, कारण प्रशिक्षक काय समजून घेतो हे तिथे दिसतं. शनिवारी सामना, रविवारी सुट्टी, सोमवारी हलका सराव, मंगळवारी जोरदार, बुधवारी संपूर्ण विश्रांती, गुरुवारी पुन्हा जोरदार, शुक्रवारी सामन्याची तयारी. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस पूर्ण मोकळे. इंग्लिश सामन्याचा वेग शरीर पिळून टाकतो, सावरायला इटलीपेक्षा जास्त वेळ लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. सोमवारचा हलका सराव इटलीतला, बुधवारची पूर्ण सुट्टी इंग्लंडमधल्या धावपळीसाठी. जेमी वार्डीसारखा आघाडीचा खेळाडू ऐंशीव्या मिनिटालाही त्याच वेगाने बचावफळीच्या मागे धावतो, त्याची मुळं त्या बुधवारात आहेत.

मग त्याने काहीच बदललं नाही का? बदललं, आणि नेमक्या वेळी. आदल्या हंगामाअखेरची तीन बचावपटूंची मांडणी सोडून 4-4-2 घेतली, म्हणजे चार बचावपटू, चार मध्यरक्षक, दोन आघाडीला. एन्गोलो कान्ते काँवरून नवा आला होता. त्याला हळूहळू मध्यात आणलं. संघ जिंकत होता पण प्रत्येक सामन्यात गोल खात होता. सप्टेंबरअखेर आर्सेनलने लेस्टरच्याच मैदानावर 5-2 ने हरवलं, तेव्हा रानिएरीने दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, बदलले: क्रिस्टियान फुक्स आणि डॅनी सिम्पसन आत आले. पुढे जाण्यापेक्षा मागे उभे राहणारे फुलबॅक. गोल न खाता सामना संपवलात तर पिझ्झा देईन, असं त्याने म्हटलं होतं. ऑक्टोबरअखेर क्रिस्टल पॅलेसला 1-0 हरवल्यावर त्याने खेळाडूंना पिझ्झेरियात नेलं. मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत वॉटफर्ड, न्यूकॅसल, पॅलेस आणि साउथहॅम्पटन हे चारही सामने त्या संघाने 1-0 ने जिंकले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हेच लोक 3-2, 4-2 असे सामने खेळत होते. इटालियन प्रशिक्षकाची छाप उमटली, पण आधी विश्वास मिळाल्यावर.

फेब्रुवारीत आर्सेनलकडून शेवटच्या क्षणी 2-1 हरल्यावर त्याने खेळाडूंना आठवडाभर सुट्टी दिली. बाराच सामने उरलेले, संघ पहिल्या क्रमांकावर, आणि प्रशिक्षक सुट्टी देतो! मला त्या हंगामातला हा त्याचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. त्यानंतर लेस्टर लीगमध्ये एकही सामना हरलं नाही. 81 गुण, 23 विजय, केवळ 3 पराभव, दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलपेक्षा 10 गुण पुढे.

नशीब होतंच. चेल्सी दहाव्या क्रमांकावर संपली, दोन्ही मँचेस्टर आणि लिव्हरपूल अडखळले, लेस्टरला युरोपातले सामने नव्हते. रियाद मारेझ आणि वार्डी ही माणसं रानिएरी यायच्या आधीच क्लबाने हेरलेली होती. हे सगळं खरं. पण असं तयार ताट इतरांच्याही पुढे येतं, आणि बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात त्यात स्वतःचा मसाला टाकतात. रानिएरीने टाकला नाही, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

दुसऱ्या हंगामात कान्ते चेल्सीला गेला, वॉल्श एव्हर्टनला गेला, महागडे नवे खेळाडू आले, चॅम्पियन्स लीगमुळे आठवड्याचं ते वेळापत्रक मोडलं. मांडण्याही बदलत राहिल्या. त्या हंगामात रानिएरी असेपर्यंत लेस्टरने लीगमध्ये बाहेर एकही सामना जिंकला नाही आणि 23 फेब्रुवारी 2017 रोजी, सेव्हियातल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याला काढलं. मला ते अजूनही खटकतं. पण प्रशिक्षक म्हणून पाहिलं तर दिसतं, की ज्या घडीला त्याने हात लावला नव्हता ती घडीच निघून गेली होती आणि नवी बसवायला वेळ नव्हता.

बाकीच्या परदेशी नेमणुका भराभर सांगतो, कारण त्यांत एकच धागा आहे. मोनॅको दुसऱ्या श्रेणीत असताना 2012 मध्ये हाती घेतला, पहिल्याच वर्षी वर आणला, पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये दुसरा, तरी गेला. फ्रान्समधल्याच नाँतला नववा क्रमांक दिला. फुलहॅमला नोव्हेंबर 2018 मध्ये आणि वॉटफर्डला ऑक्टोबर 2021 मध्ये, म्हणजे दोन्हीकडे हंगाम सुरू झाल्यावर बुडती नाव म्हणून गेला आणि साडेतीन-चार महिन्यांत बाहेर पडला. ग्रीससारख्या राष्ट्रीय संघात तर खेळाडू हाताशी असतात तेच थोडे दिवस. बघून, समजून मग बदलणाऱ्या माणसाला बघायलाच वेळ दिला नाही तर त्याची पद्धत चालत नाही. म्हणून तुम्ही क्लबला आधी हेच विचारा: संघ हातात केव्हा येणार, आणि पहिल्या स्पर्धेपर्यंत किती आठवडे?

भाषेची काळजी तुम्ही फार करताय, असं मला वाटतं. जोव्हान्नी त्रापातोनीने बायर्न म्युनिकला 1997 मध्ये जर्मन विजेतेपद मिळवून दिलं, पुढे पोर्तुगालमध्ये बेन्फिका आणि ऑस्ट्रियात साल्झबुर्गलाही. मार्च 1998 मधली त्याची संतापाची पत्रकार परिषद मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये होती आणि आळशीपणाने खेळणारे कोण, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं. आयर्लंडचा प्रशिक्षक असताना तो दुभाषी घेऊन काम करत होता. मिझोराममध्ये माझं काम सुरुवातीला हातवारे, मोडकं इंग्रजी आणि एका मोठ्या खेळाडूच्या मदतीवर चाललं. मुलांना लांबलचक वाक्यं नकोच असतात. ‘दाब’, ‘थांब’, ‘वळ’, ‘मागे माणूस’ एवढे शब्द त्यांच्या भाषेत पहिल्या आठवड्यात पाठ करा. मात्र कुणाला संघाबाहेर ठेवायचं असेल तर ते सांगायला भाषा जाणणारा माणूस शेजारी असू द्या. तिथे हातवारे पुरत नाहीत.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या मोसमात, 2014 मध्ये, पुणे सिटीला फ्रांको कोलोम्बा प्रशिक्षक होता आणि बरोबर इटलीतले काही खेळाडूही होते. संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला नाही. मार्को माटेराझ्झीने चेन्नईयिनला 2015 चं विजेतेपद दिलं, फातोर्ड्याच्या मैदानावर गोव्याला 3-2 ने हरवून. पण तुम्हाला सर्वांत जवळचा धडा इटलीतून आलेला नाही. मुंबई एफसी सांभाळलेला खालिद जमील ऐजॉलला गेला आणि 2016-17 ची आय-लीग जिंकली. तो संघ आदल्या वर्षी खाली घसरलेला होता, गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे परत घेतला गेलेला. स्थानिक मिझो मुलांचा वेग आणि दम त्याने तसाच ठेवला आणि मुंबईत हाताखालून गेलेल्या जयेश राणे, आशुतोष मेहता अशा थोड्याच ओळखीच्या खेळाडूंची त्यात भर घातली. प्रमाण लक्षात घ्या: चार-पाच जण, अख्खी फळी नव्हे.

आता सहायकाचं. एक माणूस न्या, आणि तो शारीरिक तयारीचा किंवा व्हिडिओ पाहणारा असू द्या. ती नजर तुमच्यासारखीच हवी. गोलकीपरचा प्रशिक्षक आणि मुख्य सहायक मात्र तिथलेच ठेवा, आधीच्या प्रशिक्षकाबरोबर काम केलेले असतील तर उत्तमच. कोणता मुलगा घरी शेतात राबून सरावाला येतो, कोण चर्चच्या गायनामुळे शनिवारी उशिरा पोहोचणार, कोणाचा गुडघा गेल्या वर्षी दुखावला होता, हे त्यांनाच माहीत असतं. पहिले तीन आठवडे मांडणी बदलू नका. वहीत फक्त लिहा, की चेंडू मिळाल्यावर ही मुलं आपणहून कुठे धावतात. चौथ्या आठवड्यात ती वही स्थानिक सहायकासमोर उघडा आणि पहिला बदल कोणता करायचा, ते त्याच्याशी बोलून ठरवा.